मागच्या खोलीचा पत्ता : घरनोकरांच्या इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना

चंडीगडमध्ये घराचा पत्ता दोन आकड्यांत मावतो: घराचा नंबर आणि सेक्टरचा नंबर. पेठ, आळी, अमक्या मारुतीसमोर, तमक्याच्या वाड्यामागे, अशी एकही खूण सांगावी लागत नाही. पुण्यामुंबईहून गेलेल्या माणसाला सुरुवातीला हे कोरडं वाटतं आणि चार दिवसांत सोयीचं वाटू लागतं. शहराच्या उत्तरेकडे एकेक, दोन-दोन कनालच्या कोठ्या आहेत. तिथे या नंबराच्या मागच्या अंगाला बहुधा गॅरेज असतं आणि गॅरेजवर एक खोली. वर जायला अरुंद जिना, खोलीला लागून मोरी, दोरीवर वाळणारे शाळेचे गणवेश. या खोलीला सगळे ‘सर्व्हंट क्वार्टर’ म्हणतात. तिथे राहणाऱ्या कुटुंबाला स्वतःचा नंबर नसतो. त्यांच्या नावाचं पत्र आलंच तर ते मालकाच्या नंबरावर येतं, पुढच्या फाटकातून आत शिरतं आणि मग कुणीतरी ते मागे पोचवतं.

त्या खोलीतली माणसं, त्यांचं काम आणि त्यांचा दिवस हा या अभ्यासाचा विषय आहे. या विषयात पहिल्यांदा पाऊल टाकणारा विद्यार्थी, त्याला शिकवणारा शिक्षक आणि केवळ कुतूहलानं आलेला वाचक, या तिघांचं स्वागत करण्यासाठी ही प्रस्तावना लिहिली आहे. पूर्वतयारी फारशी लागत नाही. ज्या घरात आपण वाढलो ते घर कुणाच्या हातांनी रोज उभं राहत होतं, एवढं आठवायची तयारी असली की पुरे.

उदाहरणासाठी चंडीगड घेतलं, त्याला कारण आहे. पुणे, नाशिक, कोल्हापूर ही शहरं शतकानुशतकं वाढत गेली. तिथे गड्यानं कुठे निजायचं, भांडीवालीनं कुठल्या दारानं यायचं, हे रूढीनं ठरलं आणि रूढी कागदावर फारशी उमटत नाही. चंडीगड आधी कागदावर उभं राहिलं. कोण कुठे राहील, कुणाला किती खोल्या मिळतील, हे टेबलाशी बसून ठरवलं गेलं आणि ते नकाशे आजही पाहता येतात. घर आणि नोकर यांचं नातं एवढ्या स्पष्टपणे आखलेलं दुसरं भारतीय शहर सहज सापडणार नाही.

आखणी

फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेलं आणि पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही. कारभार काही वर्षं सिमल्याहून चालला. १९४८ मध्ये शिवालिकच्या पायथ्याची जागा निवडण्यात आली. पहिला आराखडा अल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी यांचा. १९५० मध्ये नोविकी विमान अपघातात गेले आणि काम ल कॉर्बुझिए यांच्याकडे आलं. त्यांच्यासोबत पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू होते. हाताखालच्या भारतीय वास्तुविशारदांत एम. एन. शर्मा, आदित्य प्रकाश आणि युली चौधरी यांच्याबरोबर ए. आर. प्रभावळकर आणि जे. एस. देठे ही मराठी कानाला ओळखीची आडनावंही आढळतात. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते शहराचं उद्घाटन झालं.

पहिल्या टप्प्यात तीस सेक्टर आणि दीड लाख वस्ती धरली होती. पुढे हा आकडा पाच लाखांपर्यंत जावा, असं नियोजन होतं. प्रत्येक सेक्टर साधारण ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब. त्याला वेढणाऱ्या वेगवान रस्त्यांकडे घरांनी पाठ केलेली, दारं सगळी आतल्या बाजूला. रस्त्यांच्या प्रवाहात उभं असलेलं एकेक बेटच म्हणा. ही बेटं सांभाळणाऱ्या कचेरीचं नाव ‘इस्टेट ऑफिस’ आहे आणि जिल्ह्याचा उपायुक्त हाच तिथला इस्टेट ऑफिसर. जुन्या जहागिरीत वाडा, बागा आणि नोकरांच्या चाळी एकाच दिवाणाच्या दप्तरात नोंदल्या जात. इथे एका आधुनिक शहराची जमीन आणि इमारती तशा एका दप्तरात आल्या.

सरकारी घरांचे सुरुवातीला तेरा प्रकार ठरवले गेले. वर मंत्री आणि वरिष्ठ अधिकारी, तळाला तेराव्या प्रकारात चपराशी. हा तेरावा प्रकार या अभ्यासातला पहिला महत्त्वाचा दस्तऐवज आहे. चपराशाचं घर लहान होतं, विटांचं होतं, ओळीत होतं. पण त्याला स्वतःचं स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास आणि अंगण होतं. नळ, वीज आणि भुयारी गटार त्याच्यापर्यंत पोचलं होतं. आणि त्याला स्वतःचा नंबर होता. १९५० च्या दशकातल्या भारतात सर्वांत खालच्या पायरीवरच्या सरकारी नोकराला हे सगळं मिळावं, ही लहान गोष्ट नव्हती. त्यासाठी या वास्तुविशारदांचं, विशेषतः स्वस्त घरांवर मन लावून काम केलेल्या जेन ड्र्यू यांचं, ऋण मानायला हवं.

आता त्याच नकाशांच्या वरच्या टोकाकडे बघा. मोठ्या घरांच्या मागे, गॅरेजजवळ, नोकरांच्या खोल्या काढलेल्या आहेत. त्या खोल्या घराच्या सोयींमध्ये मोडतात, गॅरेजसारख्याच. साहेबाची फाइल उचलणारा माणूस सरकारचा नोकर ठरला, म्हणून शहरानं त्याला रहिवासी मानलं आणि घर दिलं. साहेबाचं ताट वाढणारा माणूस साहेबाचा खासगी नोकर ठरला, म्हणून त्याला साहेबाच्या घराचा एक कोपरा मिळाला. दोघे एकाच गावाहून आलेले असू शकत होते, कधी एकाच घरातलेही. निवृत्त झाल्यावर चपराशाला पेन्शन. स्वयंपाक्याचा हात थरथरू लागला की त्याचं काय, याचं उत्तर कुठल्याच नकाशात नव्हतं. नोकर म्हणजे कोण, हा प्रश्न या दोन खोल्या शेजारी ठेवून विचारला की अभ्यास सुरू होतो.

शब्द

मराठी वाचकाला या विषयात शिरायला सर्वांत जवळची वाट शब्दांची आहे. मराठेशाहीच्या कारभारात अठरा कारखाने होते. त्यात मुदपाकखाना स्वयंपाकाचा आणि फरासखाना बिछायती-तंबूंचा. पुण्यात आज फरासखाना म्हटलं की पोलीस ठाणं आठवतं. मूळचे फरास म्हणजे गालिचे अंथरणारे, डेरे उभारणारे नोकर. वाड्यावरच्या नोकरवर्गाला मिळून ‘शागिर्दपेशा’ म्हणत. खिजमतगार, हुजरे, आबदार, मशालजी, भोई, पाणके, आचारी: प्रत्येक शब्दामागे एक ठरावीक काम आणि बहुधा एक ठरावीक जात होती. त्याच वाड्यांत आणि कोठ्यांत कुणबिणीही राबत. त्या विकत घेतलेल्या, बक्षीस दिलेल्या, कधी दंडापोटी आलेल्या बायका. पेशवे दप्तरात त्यांच्या खरेदीच्या आणि सुटकेच्या नोंदी सापडतात. कंपनी सरकारच्या १८४३ च्या पाचव्या कायद्यानं गुलामगिरीचा न्यायालयीन आधार काढून घेतला, पण घरातली कामं होती तिथेच राहिली.

या पार्श्वभूमीवर ‘मोलकरीण’ हा शब्द पुन्हा ऐकावा. जी मोल घेऊन काम करते ती. कुणबीण स्वतःच मोलानं घेतलेली असे, मोलकरीण आपल्या कामाचं मोल घेते. एका समाजातला मोठा बदल या शब्दात साठला आहे, आणि आपण तो शब्द खाली बघून उच्चारावा असा करून टाकला. मग ‘कामवाली बाई’, ‘मावशी’, ‘ताई’ हे शब्द आले. त्यांत आपुलकी आहे यात शंका नाही. पण नात्याच्या शब्दानं हाक मारली की पगारवाढ मागणं अवघड होतं, हेही खरं आहे. मावशीनं रजेचे पैसे मागायचे कसे?

मुंबईच्या पारशी-गुजराती घरांत रत्नागिरीकडून आलेल्या प्रत्येक गड्याला ‘रामा’ म्हणत, त्याचं नाव गोविंद असो की धोंडू. पंजाबात घरकामाच्या पोऱ्याला ‘मुंडू’ म्हणत आले आहेत. नेपाळी माणूस असेल तर ‘बहादूर’, लहान असेल तर ‘छोटू’. चंडीगडच्या कोठीतून ही नावं अजून ऐकू येतात. समुद्राकाठच्या आणि डोंगराच्या पायथ्याच्या, भाषा आणि चालीरीती वेगळ्या असलेल्या दोन शहरांनी माणसाचं नाव काढून घेऊन त्या जागी कामाचं नाव ठेवायची एकच रीत शोधली. अभ्यासकानं वहीत लिहिताना सर्वांत आधी मूळ नाव विचारावं. ते छापायचं की नाही हे पुढे त्या माणसानं ठरवावं.

काम आणि वेळ

घरनोकराचं काम ‘साधं’ असतं, ही समजूत पहिल्याच आठवड्यात गळून पडायला हवी. पाच वेगवेगळ्या स्वयंपाकघरांत पाच चवी सांभाळणं, कुणाच्या घरी कुठलं भांडं कुठल्या फडक्यानं पुसायचं हे लक्षात ठेवणं, आजारी म्हातारीला न लाजवता न्हाऊ घालणं, रडणाऱ्या बाळाच्या आवाजावरून भूक आणि झोप ओळखणं: ही कसबं आहेत. ती शिकायला वर्षं लागतात. त्यांना प्रमाणपत्र नाही, म्हणून ती अकुशल कामांत मोजली जातात.

चंडीगडच्या क्वार्टरमधल्या कामाची एक विशिष्ट घडण आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय तिथला दिवस कळत नाही. अनेक घरांत खोलीचं भाडं पैशांत घेतलं जात नाही. खोलीच्या बदल्यात बाईनं कोठीचं झाडू-पोछा, भांडी, कधी कपडे करायचे; नवरा बाहेर माळीकाम, ड्रायव्हरी किंवा मजुरी करून रोख कमावतो. या सौद्यात कुटुंबाच्या पदरात बरंच पडतं. चांगल्या वस्तीत राहायला मिळतं, पाणी-वीज असते, जवळच सरकारी शाळा असते, मुलींना अंधारात लांबून यावं लागत नाही. उत्तर प्रदेश, बिहार, हिमाचल, गढवाल, नेपाळ इथून आलेल्या कित्येक कुटुंबांची पुढची पिढी या खोल्यांत अभ्यास करून पुढे गेली. ही बाजू न सांगणं त्यांच्या हुशारीवर अन्याय ठरेल.

दुसरी बाजू अशी की काम सुटलं की घरही सुटतं, आणि तेही त्याच दिवशी. मालकिणीशी खटका उडाला, बाळंतपण आलं, पाठ धरली, मालकानं कोठी विकली, तर मुलांची शाळा मध्येच सोडून बिऱ्हाड उचलावं लागतं. आणि जी बाई आवारातच राहते तिचं काम संपल्याचं कुणालाच दिसत नाही. हिवाळ्याच्या धुक्यात पहाटे फाटक उघडण्यापासून रात्री पाहुण्यांचं शेवटचं ताट विसळण्यापर्यंत मधले सगळे तास हाकेच्या अंतरावरचे असतात. दुपारी दोन ते चार ती खोलीत असते, पण कान बेलकडे असतो. या वेळेला काय म्हणायचं, विश्रांती की वाट पाहणं? कामाचे तास मोजणाऱ्या कुठल्याही पद्धतीला हा प्रश्न अडवतो.

रोज ये-जा करणाऱ्यांचा दिवस वेगळा. सेक्टरांच्या पलीकडे, कैंबवाल्यातून, डड्डूमाजऱ्यातून, मलोयातून आणि पंजाबच्या हद्दीतल्या नयागावातून सकाळी सायकली आणि पायी चालणाऱ्या बायकांच्या रांगा शहराकडे वळतात. मूळ आराखड्यात शहर बांधणाऱ्या मजुरांना आणि पुढे त्याची घरं आवरणाऱ्यांना कायमची जागा पुरेशी नव्हती. म्हणून ‘लेबर कॉलनी’ या नावानं वस्त्या उभ्या राहिल्या, त्यांना नावाऐवजी क्रमांक मिळाले. कॉलनी नं. ५ २०१३ मध्ये हटवली गेली, कॉलनी नं. ४ २०२२ मध्ये, नेमकी १ मे रोजी. पात्र ठरलेल्यांना धनास आणि मलोयासारख्या ठिकाणी छोटे फ्लॅट मिळाले. तिथे नळ आणि पक्कं छत आहे, स्वतःचा नंबरही आहे. पण ज्या कोठ्यांवर पोट होतं त्या आता लांब राहिल्या. एका बाईनं सकाळची दोन घरं सोडली की त्याचं कारण शहराच्या पुनर्वसन योजनेत असू शकतं. तिच्या मालकिणीला मात्र ते तिच्या स्वभावात दिसतं.

घरकामाचा इतिहास नळांचा आणि तारांचाही इतिहास आहे. घरात नळ आला आणि पाणक्या, भिस्ती, पखालजी गेले. भुयारी गटार आलं आणि मैला वाहण्याची अमानुष रीत निदान त्या घरापुरती थांबली. वीज आली आणि मशालजी गेला, छताच्या पंख्यानं पंखेवाल्याला घालवलं. गॅसनं लाकूड फोडणारा गडी घालवला. चंडीगडमध्ये हे बहुतेक नळ-तारा पहिल्या दिवसापासून होत्या, म्हणून तिथलं नोकरवर्गाचं चित्र सुरुवातीपासूनच जुन्या छावणीतल्या बंगल्याहून आटोपशीर होतं. तरी भांडी, केर, लादी, मूल आणि म्हातारं माणूस उरलंच. ही उरलेली कामं हळूहळू बायकांकडे सरकली. एके काळी पुरुषांनी भरलेला हा व्यवसाय स्त्रियांचा कसा झाला, हा या क्षेत्रातल्या सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नांपैकी एक आहे.

त्याचा एक धागा आपल्या घरातच सापडतो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्या कामात जाणारी दिवसाची सरासरी २९९ मिनिटं भरली, पुरुषाची ९७. ज्या कामाला घरात मोल नाही, ते मोलानं करून घेतलं तरी मोल कमीच पडतं. मोलकरणीचा पगार आणि घरधनिणीच्या बिनपगारी कामाची किंमत एकाच तागडीत तोलली जाते. म्हणून हा अभ्यास मालकीण आणि नोकर या दोघींना वेगळं काढून होत नाही.

साधनं

माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: या लोकांनी काही लिहून ठेवलेलं नाही, मग पुरावा आणायचा कुठून? उत्तर असं, की पुरावा मुबलक आहे, फक्त तो दुसऱ्या कामासाठी तयार झालेला आहे.

पहिलं साधन घर. वसाहतकाळच्या बंगल्यात न्हाणीघराला बाहेरून वेगळं दार असे, म्हणजे सफाई करणाऱ्याला घरातून यावं लागू नये. पुण्याच्या वाड्यात मागचा दरवाजा, विहीर, मोरी आणि सोवळ्याचं स्वयंपाकघर यांची मांडणी पाहिली की कुणी कुठवर यायचं हे कळतं. चंडीगडमध्ये गॅरेजवरचा जिना घराच्या आतून जातो की बाहेरून, एवढ्या एका गोष्टीवर पानभर लिहिता येईल. सेक्टर १० मधलं वास्तुकला संग्रहालय, सेक्टर १९ मधलं ल कॉर्बुझिए केंद्र आणि सेक्टर ५ मधलं पिएर जानरे यांचं राहतं घर, जे आता संग्रहालय आहे, या तिन्ही ठिकाणी नव्या अभ्यासकानं जावं. दिवाणखाना पाहून झाला की मागच्या बाजूला जावं आणि तिथे जास्त वेळ थांबावं.

दुसरं साधन हिशेब. दरबारी रोजकीर्दीपासून वाण्याच्या वहीपर्यंत पगार, कपडे, बक्षिसी आणि उचल यांच्या नोंदी असतात. मराठी घरात यातलं सर्वांत नाजूक साधन भिंतीवर लटकतं. दिनदर्शिकेच्या चौकटीत दुधाच्या लिटरशेजारी बाईच्या खाड्यांच्या खुणा असतात. वर्ष संपलं की ती दिनदर्शिका रद्दीत जाते. वीस वर्षांच्या अशा दिनदर्शिका एखाद्या घरानं जपल्या असतील, तर एका स्त्रीची आजारपणं, तिच्या गावची लग्नं आणि जत्रा, मुलांच्या परीक्षा, एवढंच काय तिचं म्हातारपणही त्या फुल्यांतून वाचता येईल.

तिसरं साधन पोलीस ठाण्यातलं. नोकराची माहिती पोलिसांकडे नोंदवावी, असे आदेश चंडीगडचे जिल्हा दंडाधिकारी वेळोवेळी काढत आले आहेत. त्या अर्जात पूर्ण नाव, बापाचं नाव, मूळ गाव, कायमचा पत्ता, फोटो हे सगळं असतं. घरनोकराची इतकी तपशीलवार नोंद बाकी कुठे क्वचितच होते. संशयापोटी तयार झालेल्या कागदात माणूस पूर्ण नावानं भेटतो, हे अभ्यासकानं वाचताना विसरू नये. असे कागद हाताळताना त्या माणसाचं खासगीपण जपणं ही पहिली अट.

चौथं साधन आठवण. नोकरांनी लिहिलेलं साहित्य कमी आहे, पण आहे. गुडगावात घरकाम करणाऱ्या बेबी हालदार यांनी, मालक आणि मानववंशशास्त्रज्ञ प्रबोध कुमार यांच्या प्रोत्साहनानं, बंगालीत आपली कहाणी लिहिली. ती २००२ मध्ये ‘आलो आंधारि’ या नावानं हिंदीत आली. मराठीत दलित आत्मकथनांनी कष्टाच्या जगाचं दार उघडलं. बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ आणि ऊर्मिला पवार यांचं ‘आयदान’ वाचल्यावर घरातल्या आणि घराबाहेरच्या कामाचा जातीशी असलेला सांधा नजरेआड करता येत नाही. चहाचा वेगळा कप कुठल्या फळीवर ठेवला जातो, हा प्रश्न अजूनही विचारण्याजोगा आहे.

मुलाखत घ्यायची तर मालकाच्या घरात घेऊ नये. तिथे प्रत्येक उत्तर कुणीतरी ऐकत असतं. बागेत, बस थांब्यावर किंवा तिच्या स्वतःच्या खोलीत, तिच्या सोयीच्या वेळी बसावं. एक तास घेतला तर तो तासही तिच्या श्रमातून किंवा झोपेतून आलेला आहे, याचं भान ठेवावं.

कायदा आणि संघटना

या क्षेत्रातला आजचा सर्वांत जिवंत भाग कायद्याचा आहे, आणि त्यात महाराष्ट्राचं स्थान मोठं आहे. १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ, पगारी रजा, दिवाळीचा बोनस या मागण्या होत्या. ज्यांची कामाची जागा एकमेकींपासून भिंतींनी तोडलेली, त्या बायका नळावर आणि वस्तीत बोलून एकत्र आल्या, हा भारतीय कामगार चळवळीतला शिकण्यासारखा धडा आहे. पुढे महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८ आला.

घरात मुलांना कामाला ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून देशभर बंदी आली. १६ जून २०११ रोजी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार स्वीकारला. भारतानं त्याच्या बाजूनं मत दिलं, मंजुरी मात्र अजून दिलेली नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत राहतं घर घातलं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करायला समिती नेमावी, असं केंद्र सरकारला सांगितलं.

या सगळ्यांत २०१३ ची ती व्याख्या मला सर्वांत दूरगामी वाटते. घर ही कुणाची तरी कामाची जागा आहे, हे कायद्यानं शब्दांत मान्य केलं. या अभ्यासक्षेत्राचंही म्हणणं तेवढंच आहे. आपल्याला जिथे विसावा मिळतो, तिथे दुसऱ्या कुणाची पाळी सुरू असते. हे एकदा मान्य केलं की तास, पगार, रजा, इजा, निवृत्ती हे कारखान्यात रास्त वाटणारे प्रश्न घरातही रास्त वाटू लागतात.

आधी चाललेले

या वाटेवर आधी गेलेल्यांची ओळख करून घेतली की वाट सोपी होते. चंडीगडसाठी नॉर्मा इव्हेन्सन आणि रवी कालिया यांचे ग्रंथ पाया देतात. किरण जोशी यांनी जानरे, फ्राय आणि ड्र्यू यांच्या इमारतींचं बारकाईनं दस्तऐवजीकरण केलं आहे. मधू सरीन यांनी १९८२ मध्ये या शहराच्या नियोजनाला गरिबांच्या बाजूनं प्रश्न विचारले, ते आजही धारदार आहेत. घरनोकरांच्या इतिहासात स्वप्ना बॅनर्जी यांचं वसाहतकालीन बंगालवरचं काम आणि राका रे व सीमीन कय्यूम यांचं २००९ चं कोलकात्यावरचं पुस्तक वाचावं. नितीन सिन्हा, नितीन वर्मा आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ‘सर्व्हंट्स पास्ट्स’ या दोन खंडांत सोळाव्या शतकापासूनचा पट मांडला. परदेशातलं एक उदाहरण सांगतो. वेल्समधल्या अर्डिग या जमीनदारी वाड्याच्या मालकांनी अठराव्या शतकापासून आपल्या नोकरांची चित्रं काढून घेतली, त्यांच्यावर कविता लिहिल्या. आज तिथे येणारा पाहुणा नोकरांच्या बाजूनं आत शिरतो. पण ती चित्रं आणि कविता मालकांनी करवून घेतलेली होती. प्रेमानं जपलेलं साधनसुद्धा कुणाच्या नजरेतून आलं, हे विचारावंच लागतं.

बंगाल आणि दिल्ली यांच्यावर जेवढं लिहिलं गेलं, तेवढं पुणे, मुंबई, नागपूर आणि कोल्हापूर यांच्यावर अजून व्हायचं आहे. दरबारी दप्तर मोडीत आहे, म्हणजे मोडी वाचणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला इथे हक्काचं शेत आहे. संघटनांची पत्रकं, वस्तीतल्या आठवणी, जुन्या वाड्यांचे आणि सहकारी सोसायट्यांचे नकाशे अजून मातीआड गेलेले नाहीत. ही माणसं आणि हे कागद आपल्यासोबत आहेत तोवर काम सुरू करायला हवं.

दोन मोह मात्र टाळावे लागतील. एक, नोकराला केवळ दुःखाची मूर्ती करण्याचा. त्याच्या चातुर्याला, विनोदाला, वाटाघाटीला आणि स्वाभिमानाला जागा द्यावी. दुसरा, ‘आमची बाई घरच्यासारखी होती’ या वाक्यावर थांबण्याचा. ते वाक्य खरंही असतं. मग तिला घरच्यांसारखं आजारपणात राहू दिलं का, तिच्या म्हातारपणाची सोय झाली का, हे पुढचे प्रश्न विचारावेत, आणि ते स्वतःला विचारावेत.

शेवटी पहिला गृहपाठ. आपण लहानपणी राहत होतो त्या घराचा नकाशा एका कागदावर काढा. त्या घरात कामाला येणाऱ्या प्रत्येक माणसाची वाट त्यावर दाखवा: कुठल्या दारानं येत, कुठल्या खोलीपर्यंत येत, पाणी कुठे पीत, दुपारी कुठे टेकत, संडासला कुठे जात. मग प्रत्येक रेषेपाशी त्या माणसाचं पूर्ण नाव, गाव आणि राहण्याचा पत्ता लिहा. नाव बहुतेकांना अर्धं आठवतं. पत्त्याच्या जागी बहुतेकांचा कागद कोरा राहतो. तो कोरा भाग घेऊन या. पुढची सगळी पानं आपण मिळून तिथूनच लिहायला घेऊ.